सातव्याला थांब

हात रिकामा कधी झाला ते मला सांगता येणार नाही. कळलं तेव्हा माझी मूठ तशीच अर्धी वळलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं. आत्ता तर होता! माझ्या आईचा, इनांगचा हात, घामानं ओला, पेरांवर गाठी आलेला. कॅथेड्रलच्या दारातून आत शिरताना मी मुद्दाम मनगटापाशी घट्ट धरला होता. मग पिशवीतला फोन थरथरला. दुसऱ्या हातानं तो काढला, कुयाचा मेसेज वाचला, मनातल्या मनात त्याला एक सणसणीत शिवी हासडली, तीही पवित्र गुरुवारी, वेदीसमोर, आणि मान वर केली तर शेजारी भलतीच बाई पंख्यानं वारा घेत उभी. "इनांग?" मी म्हटलं. ती बाई मागे वळून बघायला लागली, मी कुणाच्या आईला हाक मारतेय म्हणून. आजूबाजूला नुसती डोकी. डोक्यांवर रुमाल, खांद्यांवर पोरं, हातांत मेणबत्त्या, आणि सगळा लोंढा एकाच दिशेनं पुढे सरकत होता, बाजारातून घरी निघाल्यासारखा. माझी आई एवढीशी आहे. माझ्या खांद्यालाही लागत नाही. या गर्दीत ती बुडाली तर वर दिसायला काही उरायचं नाही.

काळजात धस्स झालं म्हणतात ते खोटं आहे. आधी राग आला. इतका राग, की कानशिलं तापली. एवढं सांगून आणलं होतं, हात सोडायचा नाही. कियापोला सांगितलं, सांता क्रूझला सांगितलं, बिनोन्दोला तर तिथल्या पायरीवर उभं करून लहान मुलीसारखं वदवून घेतलं. नदीपलीकडची पाच चर्चं आम्ही धड केली, प्रत्येक ठिकाणी क्रूसाच्या वाटेवरच्या दोन-दोन थांब्यांच्या प्रार्थना म्हटल्या, जीपनी-बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली, पाणी पाजलं, रक्तदाबाची गोळी दिली. पूल ओलांडून जुन्या शहराच्या भिंतीच्या आत आलो. सहावं कॅथेड्रल, सातवं सान आगुस्तीन, झालं, घरी. दरवर्षी या गुरुवारी हीच सात चर्चांची फेरी. फक्त एका चर्चपुरता दम धरायचा होता बाईला. आणि मग रागाच्या मागून हळूच दुसरं काहीतरी आलं. कारण माझ्या तळहाताला आठवत होतं, की तो हात निसटला नव्हता. एक-एक बोट सोडवून घेतलं होतं. करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग मधलं. झोपलेल्या पोराच्या मुठीतून आई आपला पदर सोडवून घेते तसं. मी मेसेज वाचत होते.

मेसेजमध्ये एवढंच होतं, "खोलीला रंग देऊन झाला. खिडकीला जाळी पण बसवली. ईस्टर झाला की घेऊन जातो." कुया म्हणजे माझा थोरला भाऊ अन्सेल्मो. तो काविते भागात राहतो, एका नव्या कॉलनीत. कॉलनीच्या तोंडाशी फाटक, फाटकाशी पहारेकरी, आत सगळी घरं सारखी आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाईट नाही तो. आईवर त्याचा जीव आहे, पण जीव आहे म्हणून तिला कुलपात ठेवायची त्याला घाई झाली आहे. गेल्या काही महिन्यांत इनांग एकदा चुकीच्या थांब्यावर उतरली, एकदा भाताचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं, एकदा गॅस उघडा राहिला. गॅसचं मी कुयाला सांगायला नको होतं. दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, घरी इनांग एकटी असते, हे त्याच्या हातातलं कोलीतच. "आणखी एकदा काही झालं ना, फेली," तो म्हणाला होता, "तर मी विचारायला येणार नाही. न्यायला येईन." आणि इनांग स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "तिथं चालत जाण्याजोगं चर्च कुठाय? मी काय त्या पहारेकऱ्यापुढे गुडघे टेकू?" आम्ही दोघं हसलो होतो. ती हसली नव्हती. तर ते 'आणखी एकदा' आज, आत्ता, इथं झालं होतं, आणि ते अजून माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मी कडेकडेनं एक फेरी मारली. एका खांबाआड पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसला, धावले, वळवली, तर कुणी तिसरीच म्हातारी. "सावकाश, पोरी," ती म्हणाली, "देव कुठं पळून चाललाय?" देव नाही हो आजी, आई पळालीय, असं ओठांवर आलं होतं. बाहेर पायऱ्यांवर आले. ऊन नुसतं ओतल्यासारखं. चौकात घोडागाड्या, कैऱ्या विकणाऱ्या बाया, सांपागिता फुलांच्या माळा घेऊन पायांत घुटमळणारी पोरं, कुठल्याशा भोंग्यावरून येशूच्या यातनांचं रडवं गाणं. घंटा आज मुक्या, शनिवारपर्यंत मुक्याच राहणार. त्यांच्याऐवजी आत कुणीतरी लाकडी खुळखुळा फिरवत होतं, आणि तो खडखडाट थेट माझ्या दातांत उतरत होता. दवाखान्यात दिवसभर ऐकते मी तसले आवाज, पण तिथं दात दुसऱ्याचे असतात. पोलिसाला सांगावं? पोलिसाला सांगितलं की भोंग्यावर नाव येणार. आलिंग कोन्सोलासियोन, वय सत्तरच्या वर, अंगात निळा फुलांचा झगा. कुया काय, सगळ्या जगाला कळणार. मी पोलिसाच्या अगदी जवळून गेले आणि त्याला काहीही सांगितलं नाही.

आणि मग मला नियम आठवला. आठवला म्हणजे काय, तो हाडातच आहे. चालायला लागलो तेव्हापासून इनांगनं तो आम्हा दोघांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. चर्चांच्या फेरीला निघालो आणि चुकामूक झाली, तर शोधत हिंडायचं नाही. रडायचं नाही. कुणाचा हात धरायचा नाही. सरळ शेवटच्या चर्चला जायचं आणि दारात थांबायचं. "सातव्याला थांब," ती म्हणायची. "जो सातव्याला पोचला तो हरवला नाही. बाकीचे हरवले. ते येतील हुडकत." दुसऱ्यांच्या आया पोरांच्या खिशात पत्ता लिहून ठेवायच्या, आमच्या आईनं हे दिलं होतं. एकदा कुया खरंच चुकला, नऊ-दहा वर्षांचा असेल, तर आम्ही पोचलो तेव्हा सान आगुस्तीनच्या दगडी सिंहावर मांडी ठोकून बसला होता आणि आम्हालाच म्हणाला, "कुठं हरवला होतात?" इनांगनं त्याच्या गालाची पापी घेतली आणि लगेच एक थोबाडीतही दिली, सिंहावर बसला म्हणून. आठवलं आणि एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हातारी बिलंदर आहे. सातव्याला गेली असेल. मीच वेड्यासारखी इथं घिरट्या घालतेय, आणि ती तिथं बसून माझ्या नावानं बोटं मोडत असेल.

सान आगुस्तीन काही लांब नाही. पण त्या दिवशी तो रस्ता वितळल्यासारखा लांबत गेला. मी चालत नव्हते, धावतही नव्हते. भलत्याच घाईनं, गुडघे न वाकवता, लोकांना कोपरं लावत निघाले होते. दोन्ही सिंह जागेवर होते. सिंहांवर पोरं होती. इनांग नव्हती. अंगण बघितलं, दार बघितलं, आत गेले, रंगवलेल्या छताखालचा एकूण एक बाक बघितला. इनांगला ते छत कधी आवडलं नाही. "खोटं आहे ते," म्हणायची, "सपाट छतावर नक्षी काढलीय, वाटतं उठावाची. डोळ्याला फसवतंय मेलं." बाहेर येऊन दारातच थांबले. नियम म्हणजे नियम. थांबायचं. आणि थांबण्याइतकं वाईट जगात काही नाही, हे मला त्या दारात कळलं. शोधताना निदान पाय हलत असतात. थांबलं की डोकं चालायला लागतं. ती उन्हात कुठंतरी बसलीय. बसली नाही, पडलीय. दुपारची गोळी माझ्या पिशवीत आहे. ट्रकखाली आली. नदीकडे गेली. भिंतीवर चढली, तिथं तोफांच्या जागी कठडा नाही. येणारा प्रत्येक निळा कपडा जवळ येऊन भलत्याच कुणाचा तरी होत होता.

फोन वाजला. कुया. मी वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला, कारण न उचलणं म्हणजे कबुलीच.

"झाली का फेरी?" तो म्हणाला. "मी निघालोय. रस्ता आज रिकामा आहे, येतो तिकडेच, गाडीतून सोडतो तुम्हाला. इनांगकडे दे जरा."

"प्रार्थना करतायत त्या."

"मग नंतर दे."

"लांबलचक प्रार्थना आहे, कुया. तुझ्यासाठीच करतायत. वेळ लागणार."

तो हसला नाही. "फेली, त्या तुझ्याजवळ आहेत ना?"

"नाहीतर काय माझ्या डोक्यावर आहेत?" मी म्हटलं आणि फोन बंद केला. म्हणजे तो येत होता. त्याच्या गाडीचं मागचं दार, मुलांनी उघडू नये म्हणून, आतून उघडत नाही असं करून घेतलंय त्यानं. मला एकदम ती खिडकीची जाळी दिसली, नवा रंग, त्या रंगाचा वास, आणि पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसलेली इनांग. रडू आलं. दारात उभी राहून मी घळाघळा रडले. आज तिथं रडणाऱ्या बाया पुष्कळ असतात, कुणाला काही वाटलं नाही. एकीनं तर मला मेणबत्ती दिली.

एक परदेशी जोडपं समोर येऊन उभं राहिलं. दोघं लालबुंद, हातात पर्यटनवाल्यांचा नकाशा, आपल्या आपण पायी फिरून जुने महाल आणि चर्चं बघायचा. तसला एक मलाही वेशीपाशी कुणीतरी दिला होता, मी त्यानं वारा घेत होते. पुरुषानं नम्रपणे विचारलं, गव्हर्नरचा महाल कुठे आहे? आम्ही दोनदा चौकाला फेरी मारली, सापडत नाही. "सापडायचा नाही," मी नाक पुसत म्हटलं. "ती उंच सरकारी कचेरी दिसली ना चौकात? तोच महाल." ती बाई म्हणाली, पण तो महाल नाही. "महाल भूकंपात पडला. माझ्या पणजीच्याही आधी. नाव तेवढं राहिलंय जागेवर. आम्ही अजून महालच म्हणतो." ते दोघं एकमेकांकडे बघत निघून गेले आणि मी तशीच उभी राहिले, तोंडातलं वाक्य तोंडात घेऊन. सकाळचं आठवलं. बूट घालताना इनांगनं विचारलं होतं, "आपलं सातवं कुठलं ग?" आणि मी, कंगवा दातांत धरून, वैतागून म्हटलं होतं, "सान आगुस्तीन, इनांग. दरवर्षी तेच. आता हेही विसरलात?" तेव्हा ती बुटाचा बंद बांधत हळूच म्हणाली होती, "ते तुझं सातवं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विसरण्याच्या खात्यावर आणखी एक जमा, एवढंच मनात आलं.

देवा! ती काहीच विसरली नव्हती. महायुद्धातल्या लढाईआधी सातच्या सात चर्चं या भिंतींच्या आतच होती. दुपारी निघालं तर तिन्हीसांजेला पायी फिरून घरी. लढाईनंतर त्यातलं सान आगुस्तीन तेवढं उभं राहिलं, कॅथेड्रल मागाहून पुन्हा बांधलं. बाकीच्यांचे ढिगारे झाले आणि ढिगाऱ्यांवर काय काय उगवलं, कुठं कॉलेज, कुठं बँक, कुठं मोटारी उभ्या करायची जागा. म्हणून आम्ही नदीपलीकडे जाऊन सात भरायला लागलो. पण इनांग लहान होती तेव्हा तिची आई, आमची आजी, लोला इसाबेल, सगळ्या महालांचे आणि चर्चांचे कपडे धुवायची. तिला इनांग 'नानाय' म्हणायची. वेदीवरची लेसची वस्त्रं, पाद्र्यांचे झगे, आर्चबिशपच्या महालातले पलंगपोस, संगमरवरी महालातले टेबलावरचे रुमाल. खळ घालून, इस्त्री करून, टोपलीतून घरोघर पोचवायचे. टोपलीचा एक कान आईकडे, एक कान पोरीकडे. आम्ही लहान असताना इनांग आम्हाला त्या वाटेनं न्यायची आणि काहीही नसलेल्या जागांपुढे क्रूस करायची. बँकेच्या काचेसमोर. कॉलेजच्या सायकलींसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गातल्या मुली दिसतील म्हणून मी चार पावलं मागे चालायची. आणि टोपली रिकामी व्हायची ती कुठं? सगळ्यात शेवटी? मला वास आठवला आधी. छपाईच्या शाईचा. एका वर्तमानपत्राच्या कचेरीचं फाटक, आणि इनांग नाक उडवून म्हणतेय, "इथं असला घाणेरडा वास नव्हता. इथं पोळीच्या कडा भाजल्याचा वास यायचा." प्रसादाच्या गोल चकत्या कापल्या की उरलेल्या कडा तिथला ब्रदर टोपलीवाल्या पोरीच्या ओंजळीत ओतायचा. रेकोलेतोस. रेकोलेतोसचं चर्च. तिचं सातवं.

मी धावले. आता खरंच धावले, सत्तेचाळिसाव्या वर्षी, चर्चला जायच्या चपला घालून. भिंतीच्या त्या टोकाला आज कुणी जात नाही, बघण्यासारखं काही नाही, नकाशावर ठिपकासुद्धा नाही. गर्दी मागे राहिली, भोंग्याचं गाणं मागे राहिलं, आणि त्या शांततेत मला माझ्याच चपलांची भीती वाटायला लागली. कारण आता डोक्यात जे येत होतं ते दारातल्या विचारांपेक्षा वाईट होतं. मला तिची दुसरी गोष्ट आठवत होती, जी ती कधी पूर्ण सांगत नाही. लढाईच्या शेवटच्या दिवसांत, तोफांचे गोळे पडत होते तेव्हा, पळता पळता टोपलीचा एक कान सुटला. नियम लोला इसाबेलचा होता. पोरगी सातव्याला गेली. सातवं जळत होतं. ती तिथंच थांबली, दगडांत, किती वेळ ते तिलाही माहीत नाही. मग कुणा शिपायानं तिला खांद्यावर टाकलं आणि नेलं. लोला इसाबेल कुणाला दिसली नाही, जिवंत नाही आणि मेलेलीही नाही. एवढंच. इनांग गोष्ट नेहमी शिपायापाशी थांबवायची आणि म्हणायची, "मी त्याला चावले होते. तरी सोडलं नाही मेल्यानं." आम्ही पोरं हसायचो. चावण्याची गंमत वाटायची.

फाटक बंद होतं, सुट्टीच होती. फाटकाबाहेर भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर निळा फुलांचा झगा, मांडीवर जपमाळ. शेजारी पहारेकरी उकिडवा बसून डब्यातून भात खात होता. मी फाटकाला धरलं.

"तुमच्या का या, मॅडम?" पहारेकरी म्हणाला. "मी सांगितलं आज कुणी नाही आत. म्हणतात, आतलं कुणी नकोय, बाहेरून यायचंय कुणीतरी. म्हटलं बसा बापडे. मासा दिला तर म्हणाल्या मीठ कमी आहे."

इनांगनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "उशीर केलास."

"इनांग!" माझा आवाज फाटला. "जीव घेतलात माझा! मी सान आगुस्तीनला उभी होते! नियम तुमचाच ना? सातव्याला थांबायचं!"

"ते तुझं सातवं," ती म्हणाली. "सकाळी सांगितलं होतं. तू कंगवा चावत होतीस."

"तुम्ही मुद्दाम हात सोडलात."

"तू फोन वाचत होतीस. म्हटलं, बघू. अन्सेल्मोकडे नेऊन टाकलं की मग कोण येणार या फाटकापाशी? तुला तरी ठाऊक आहे का जागा, ते बघावं." तिनं जपमाळेचा एक मणी पुढे ढकलला. "ठाऊक आहे. पण उशिरा."

मी हसायला लागले. रडत हसत होते, पहारेकऱ्यानं भात खायचा थांबवला. सगळं अंग हलकं झालं. ही बाई हरवली नव्हती. हिच्या डोक्याला काही झालेलं नाही, कुयाच्या छाताडावर बसून सांगेन मी. उलट हिनंच माझी परीक्षा घेतली, काठावर का होईना, मी पास झाले. मी गोळी काढली, पाणी दिलं, तिनं मुकाट्यानं घेतलं. "चला आता," मी म्हटलं. "कुया येतोय. उठा."

"एवढ्यात?" ती म्हणाली. "नानाय आली नाही अजून."

सहज म्हणाली. पाणी संपलं म्हणावं तसं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टेची एक रेघ शोधत होते मी तिथं, डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, आणि ती नव्हती. आत्ता होती की! आत्ता कंगव्याचं बोलली. एकाच खुर्चीत दोघी बसल्या होत्या, एक मला टोमणे मारणारी आणि एक आठ वर्षांची, आणि त्यांच्यामधलं दार आतून उघडत होतं का बाहेरून, ते मला कळेना. मी तिच्यापुढे फरशीवर बसले. फरशी तापलेली होती.

"इनांग, त्या येणार नाहीत आता."

"मागच्या वेळेस मी थांबले नाही, फेली. उचलून नेलं मला. ती आली असेल आणि मी नव्हते." माझं नाव बरोबर घेतलं तिनं. तेच जास्त भयंकर वाटलं. "आता मी हलणार नाही. अन्सेल्मोला सांग, मी चावेन."

"तुम्ही पोचला होतात," मी म्हटलं. दुसरं काही सुचत नव्हतं. "जो सातव्याला पोचला तो हरवला नाही. तुमचाच नियम. तुम्ही नाही हरवलात. त्या हरवल्या."

मणी बोटांत तसाच राहिला. अगदी बारीक आवाजात, तिनं विचारलं, "मग तिला शोधायला कोण गेलं?"

साठाहून जास्त वर्षं झाली होती आणि कुणीच गेलं नव्हतं. सगळ्यांनी पोरगी वाचली म्हणून मेणबत्त्या लावल्या होत्या.

फोन वाजला. कुया. मी नुसतीच आकड्यांकडे बघत राहिले. खोटं बोलले तर तो गाव पालथं घालेल. खरं सांगितलं तर पाच मिनिटांत गाडी इथं येईल आणि त्याला दिसेल काय? कचेरीच्या बंद फाटकापाशी मेलेल्या बाईची वाट बघत बसलेली आई, आणि तिच्या पायाशी फतकल मारून बसलेली बहीण. जाळीची खोली तयारच होती. मी फोन कानाला लावला.

"कुठं आहात तुम्ही?" तो ओरडत होता. मागून लोकांचा गलका, तो लाकडी खुळखुळा. "मी सान आगुस्तीनला उभा आहे, सिंहापाशी! दहा वेळा आत-बाहेर केलं! इनांग कुठायत? फेली, खरं सांग, हरवल्या ना?" शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज मोडला. पन्नाशीचा माणूस, कॉलनीत घर असलेला, एकदम नऊ वर्षांचा झाला.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही सातव्याला आहोत. तू हरवलास."

"कोण?" इनांग म्हणाली. "कोण हरवलंय?"

"कुया, इनांग. चुकलाय. भलत्याच चर्चला उभा आहे. घाबरलाय."

ती उठली. मी हात पुढे करायच्या आत उठली, खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही तळवे टेकून, गुडघ्यांचा कटकट आवाज करत, आणि झग्याची घडी झटकून सरळ केली. "मग बसलीस काय अशी? पोर तिकडं रडत असेल!" तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि त्यात मोठ्यानं सांगितलं, "अन्सेल्मो, हलू नकोस जागचा. सिंहावर चढू नकोस. मी येतेय." पलीकडून अगदी हळू "हो, इनांग" आलं.

पहारेकऱ्याला तिनं खुर्चीबद्दल देव तुझं भलं करो म्हटलं, आणि माशाला मीठ जास्त घालायला सांग बायकोला, असंही. फाटकाकडे वळून क्रूस केला. थोडी थांबली. नाक वर करून काहीतरी हुंगलं. मग रस्त्याला लागली, भराभर, मला मागे ठेवून, आणि दोन पावलांवर परत फिरून तिनं माझं मनगट पकडलं. तिची बोटं अशी रुतली की मला कळ आली.

"हात सोडू नकोस," ती म्हणाली. "आज एकदा हरवलीस तेवढं पुरे."